दाल्मेशियाची बेटे लहान जहाजाने: मुक्काम पाहून आखलेली सहल

येत्या सप्टेंबरात आईला आणि दादा-वहिनींना सोबत घेऊन क्रोएशियाच्या दाल्मेशिया किनाऱ्यावर लहान जहाजाने फिरायचे आमच्या घरी ठरले आहे. बेळगावकरांना समुद्र नवा नाही. आंबोली उतरून वेंगुर्ला-मालवण किंवा चोर्ला घाट उतरून गोवा, ही आमची नेहमीची वाट. परंतु आठवडाभर जहाजावरच राहून रोज नव्या बेटाला लागायचे, हा प्रकार आपल्याकडे फारसा कोणी केलेला नसल्यामुळे गेले काही महिने जमवलेली माहिती येथे सविस्तर मांडतो.

या किनाऱ्यावरची जहाजे साधारण तीस-चाळीस प्रवाशांची असतात आणि स्प्लिट ते दुब्रोव्हनिक, म्हणजे या किनाऱ्यावरच्या दोन बंदर-शहरांमधला, हा त्यांचा प्रमुख मार्ग आहे. सकाळी जहाज निघते, दुपारच्या जेवणाआधी एखाद्या शांत खाडीत नांगर टाकते, पोहता येणारे शिडीवरून पाण्यात उतरतात आणि संध्याकाळी पुढच्या गावाच्या धक्क्याला जहाज लागते. विहिरीत पोहायला शिकलेल्या दादाला याच थांब्याचे सर्वांत मोठे आकर्षण आहे. त्याला मी रबरी तळव्यांचे पाण्यातले बूट आताच घ्यायला लावले, कारण तेथील किनारा बहुतांशी दगडगोट्यांचा असून खडकांना अर्चिन नावाचे काटेरी, गोल समुद्री जीव चिकटलेले असतात.

जाहिरातींतून बेटांची लांबलचक यादी दिलेली असते, आणि तिलाच भुलून पैसे भरणे मला योग्य वाटत नाही. यादीतील एखादे बेट म्हणजे केवळ तासाभराचा पोहण्याचा थांबा असू शकतो. जहाज रात्री कोठे मुक्कामाला आहे आणि संध्याकाळी किती वाजता धक्क्याला लागते, हे दोन प्रश्न प्रत्येक कंपनीला लेखी विचारावेत. मोठ्या क्रूझ जहाजांचे प्रवासी बहुधा दिवसा येऊन संध्याकाळी परततात. लहान जहाजाच्या प्रवाशाला मात्र गर्दी ओसरल्यावर गाव आपलेसे वाटू लागते, आणि माझ्या मते जास्तीचे पैसे मोजायचे ते यासाठीच. कोर्चुला बेटाचेच पाहा. तेथील जुन्या गावाच्या गल्ल्या माशाच्या काट्यांसारख्या मधल्या वाटेला येऊन मिळतात. पश्चिमेकडच्या गल्ल्या सरळ आहेत, म्हणजे उन्हाळ्यातला गार वारा आत यावा, आणि पूर्वेकडच्या किंचित वळवलेल्या आहेत, म्हणजे हिवाळ्यातला बोचरा वारा अडावा. ही रचना चालत जाऊन, संध्याकाळच्या वाऱ्यात उभे राहून अनुभवायची आहे. म्ल्येत बेटावरचे राष्ट्रीय उद्यान, तेथील खाऱ्या पाण्याची दोन सरोवरे आणि मोठ्या सरोवरातील बेटावरचा जुना मठ, यांनाही निदान अर्धा दिवस हवाच.

महिना निवडताना वाऱ्यांचा विचार करावा लागतो. ईशान्येकडून झोडपणारा बुरा मुख्यतः हिवाळ्यातला. आग्नेयेकडून येणारा युगो दमट असतो आणि मोठ्या लाटा उठवतो. उन्हाळ्यात दुपारी वाहणारा मायेस्त्राल मात्र सुखद. वारा बिघडला तर कॅप्टन मार्ग बदलतो, आणि तो अधिकार त्याचाच असला पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये बंदरे भरून जातात, म्हणून आम्ही सप्टेंबर निवडला. उन्हाळाभर तापलेले पाणी तेव्हाही पोहण्याजोगे असते.

आईच्या दृष्टीने एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. धक्क्यावर जागा अपुरी असल्यामुळे जहाजे एकमेकांना खेटून बांधतात, आणि बाहेरच्या बाजूला असलेल्या जहाजाच्या प्रवाशांना शेजारच्या जहाजांचे डेक ओलांडून जमिनीवर यावे लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाने हे आधीच जाणून घ्यावे. खालच्या डेकच्या केबिन स्वस्त असतात, पण तेथील जिने उभे असतात. म्हणून आईसाठी आम्ही मुख्य डेकवरची केबिन मागितली आहे.

सीमाभागात वाढलेल्या माणसाला हद्दीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आला आणि त्याच दिवशी तेथे युरो सुरू झाला. मात्र दुब्रोव्हनिकहून ज्या मोस्तार आणि कोतोरच्या सहली आग्रहाने विकल्या जातात, ती गावे अनुक्रमे बोस्निया आणि मॉन्टेनेग्रोत, म्हणजे शेंगेनबाहेर आहेत. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर बाहेर पडल्यावर परत आत येता येत नाही. स्प्लिट-दुब्रोव्हनिक रस्ताही पूर्वी बोस्नियाच्या न्यूम गावातून जात असे. जुलै 2022 मध्ये पेल्येशात्स पूल खुला झाल्यापासून ती हद्द टाळता येते. परतीची बस पुलावरून जाते की न्यूममार्गे, हे तिकीट काढण्यापूर्वी विचारावे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि त्यासोबत किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

जेवणाबाबत वहिनींनी बरीच चौकशी केली. बहुतेक जहाजांच्या दरात नाश्ता आणि दुपारचे जेवण धरलेले असते, रात्रीचे गावात आपापले. दुपारी सर्वांसाठी एकच ठरलेला स्वयंपाक होत असल्याने, आई मासेही खात नाही हे आरक्षणाच्या वेळीच स्पष्ट लिहून द्यायला हवे होते आणि तसे आम्ही दिले. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना युरोपीय संघात दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई असल्यामुळे बेळगावचा कुंदा नेता येणार नाही. शेंगदाण्याची आणि कारळ्याची सुकी चटणी मात्र सोबत असेल.