शिकागोत चुटक्या वाजल्या तर हसू नका

शिकागोच्या ग्रीन मिल नावाच्या बारमध्ये पोएट्री स्लॅमला, म्हणजे श्रोतेच कवीचा निकाल लावतात अशा कवितावाचनाला, गेलो होतो. परतीच्या विमानात बसून, दोन तासांच्या झोपेवर हे लिहितोय. चिडचिड जाणवली तर समजून घ्या.

आधी पैशांचं. ओहेअर विमानतळावर टॅक्सीवाला म्हणाला, रविवारी ठरलेला दर असतो. मीटर टाकलाच नाही आणि ग्रीन मिल आहे त्या अपटाउन भागात उतरवून माझ्याकडून 77 डॉलर घेतले. पुण्यात रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून भांडणारा मी तिथे 'थँक यू' म्हणून उतरलो. तुम्ही हे करू नका. विमानतळाच्या आतूनच ब्लू लाईन ही मेट्रो सुटते. तिने जेफरसन पार्कला उतरा आणि 81 नंबरची लॉरेन्स बस धरा. ब्रॉडवेचा चौक आला की कोपऱ्यावरच ग्रीन मिलचा दिव्यांचा बोर्ड दिसतो. शहरातून येणार असाल तर रेड लाईनचं लॉरेन्स स्टेशन दोन मिनिटांवर आहे. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं.

आता मुख्य घोळ. एका मित्राने सांगून ठेवलं होतं, "अरे, आपल्या ओपन माइकसारखंच असतं, जा बिनधास्त." मुंबई-पुण्याच्या ओपन माइकला, म्हणजे कोणीही नाव देऊन कविता म्हणावी अशा कार्यक्रमाला, चुटक्या म्हणजे दाद. टाळ्यांनी कवीची लय मोडू नये म्हणून लोक बोटं वाजवतात. ग्रीन मिलमध्ये चुटक्या म्हणजे 'पुरे आता'. हे मला कोणी म्हणजे कोणी सांगितलं नाही.

सुरुवातीच्या ओपन माइकला मी नाव दिलं होतं. कविता पीएमटीच्या बसमधल्या सुट्ट्या पैशांच्या वादावरची, माझीच, इंग्रजीत केलेली. पहिलं मिनिट बरं गेलं. मग डावीकडच्या टेबलावरून एक चुटकी आली. मी त्या दिशेने मान झुकवली. आणखी तीन-चार आल्या. मी खूश! लय संथ केली, एक ओळ दोनदा म्हटली, मुशायऱ्यात म्हणतात तशी. 'रेन'वर ओळ संपली होती. पुढचं यमक मी उच्चारायच्या आधीच मागून कोणीतरी 'पेन!' (वेदना) ओरडलं. सगळा बार हसला. आपल्याकडे गझलेचा काफिया श्रोत्यांनी पूर्ण केला तर शायर धन्य होतो. इथे त्याचा अर्थ, तुझं यमक आम्हाला आधीच दिसलं. मग लाकडी जमिनीवर पाय आपटायला लागले. पाय आपटण्याला कुठल्याच भाषेत दाद म्हणत नाहीत, एवढं मला कळतं. शेवटचं आठ ओळींचं कडवं गिळून खाली उतरलो. शेजारच्या आजीबाईंनी माझा खांदा थोपटला आणि चुटक्यांचा अर्थ सांगितला. उशीर झाला होता.

तर क्रम लक्षात ठेवा: आधी चुटक्या, मग पाय, मग सामूहिक कण्हणं. बायकांबद्दल काही आगाऊ बोललात तर फुस्स असा आवाज येतो, तो वेगळा. हे उर्मट वाटेल, पण तिथलं घराणंच हे आहे. स्लॅम सुरू करणारे मार्क स्मिथ हे बांधकाम मजूर. कवितावाचनात लोक शिस्तीत बसून कंटाळतात याचाच त्यांना राग होता. 1984 मध्ये त्यांनी 'गेट मी हाय' नावाच्या छोट्या बारमध्ये वाचनं सुरू केली आणि जुलै 1986 मध्ये डेव्ह जेमिलो यांच्या ग्रीन मिलमध्ये स्लॅमची रविवारची रात्र. कवीला सहन करायचं की नाही, हे श्रोत्यांनी ठरवायचं. नियम स्वतः स्मिथनाही लागू. माइकवर येऊन ते "मी मार्क स्मिथ" म्हणायचे आणि सगळा बार ओरडायचा, "सो व्हॉट!" म्हणजे, मग आम्ही काय करू? आपल्या एखाद्या संमेलनाध्यक्षांना असं कोणी म्हणून बघावं.

दुसऱ्या रात्री शहरातल्याच दुसऱ्या एका बारमध्ये स्पर्धेत उतरलो. तिथे राष्ट्रीय स्पर्धेचे नियम होते. श्रोत्यांतून उचललेले पाच परीक्षक, प्रत्येकी शून्य ते दहा गुण, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा बाद, उरलेल्या तिघांची बेरीज. म्हणजे कमाल 30. तीन मिनिटं आणि वर दहा सेकंदांची सूट, पुढे सुरू होणाऱ्या दर दहा सेकंदांना अर्धा गुण कापतात. मला 17.8 मिळाले आणि 3 मिनिटं 34 सेकंद लागली, म्हणून 16.3. घरी मोबाइलवर वेळ लावून कविता अडीच मिनिटांत बसवा. श्रोते हसतात, थांबावं लागतं, उरलेलं अर्धं मिनिट त्यातच जातं. वेशभूषा, वाद्य, हातात वस्तू चालत नाही. पहिला नंबर घेऊ नका. परीक्षकांचा हात बसावा म्हणून आधी स्पर्धेबाहेरच्या एका कवीचा बळी देतात, तरी गुण रात्र चढेल तसे चढतात.

पाठांतर, आवाज, स्टेजची भीती यावर मी काही सांगणार नाही. ते जमत नसेल तर श्रोते म्हणून जा, तेही उत्तमच.

पुढचे तीन दिवस न्यूयॉर्कला छान गेले, लिहिण्यासारखं काही नाही. पूर्व थर्ड स्ट्रीटवरच्या न्युयोरिकन पोएट्स कॅफेचं मूळ 1973 मधलं, मिगेल अल्गारिन यांच्या राहत्या घरातलं. तिथे स्लॅम मात्र 1989 मध्ये बॉब होलमन यांनी आणला. जायचं ठरवलंत तर इमारत उघडी आहे का ते आधी बघा, नूतनीकरण काढलेलं होतं.

शिकागोलाही तारीख बघूनच निघा, स्लॅम दर रविवारी असतोच असं धरू नका. पासपोर्ट जवळ हवा, 21 वर्षांखालच्यांना आत घेत नाहीत. रोख डॉलर ठेवा, कार्डावर विसंबू नका. बारच्या टोकाला अल कपोन या कुख्यात गुंडाची म्हणून दाखवतात ती जागा लवकर भरते आणि तिथून माइक नीट दिसतही नाही. पुढच्या टेबलांवर बसा. तिथून चुटक्या कोण वाजवतंय ते दिसतं.