सीट बसेना तेव्हा

गेल्या पावसाळ्यात डिचोलीच्या एका काकांची नॉर्टन डॉमिनेटर ९९ ही जुनी ब्रिटिश मोटरसायकल फोंड्यातील माझ्या वर्कशॉपमध्ये आली. त्यांचे वडील आफ्रिकेतील नोकरी संपवून परतले तेव्हा त्यांनी ती बोटीने आणली होती, आणि कागदपत्रांवर १९५७ हे वर्ष होते. काकांना विंटेज नोंदणी करायची होती. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागतेच, शिवाय चॅसी (म्हणजे फ्रेम), बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही.

१९५७ च्या मॉडेलसाठी मागवलेली नवी सीट मात्र काही केल्या बसेना. तिचा पत्रा पुढच्या बाजूला दोन्हीकडे अधांतरी राहत होता आणि बोल्टची भोके ब्रॅकेटशी जुळत नव्हती. सीटच सदोष असावी असे धरून मी कानशीने भोके लांबट केली. ही माझी चूक होती, आणि ती आजही मला टोचते. तिसऱ्या दिवशी ब्रॅकेट कापून रुंद करावे म्हणून मदतनीस मुलाने ग्राइंडर हातात घेतला, तेव्हा मी त्याला थांबवले आणि आधी टाकी उतरवून घेतली.

टाकीखालच्या दोन नळ्यांवरून मी दोन्ही हात मागे सरकवत नेले. टाकी संपते आणि सीटचे नाक सुरू होते, नेमक्या त्या जागी नळ्या आत वळून एकमेकींजवळ आल्या होत्या. रेक्स मॅककँडलेस यांची फेदरबेड फ्रेम १९५० मध्ये नॉर्टनच्या रेसिंग गाड्यांवर आली आणि लवकरच रस्त्यावरच्या गाड्यांनाही मिळाली, पण तिच्या वरच्या नळ्या या ठिकाणी रुंद असल्यामुळे चालवणाऱ्याचे गुडघे फाकत. म्हणून १९६० पासून त्या इथे आत घेतल्या गेल्या. जुन्या फ्रेमला वाइडलाइन आणि नव्या फ्रेमला स्लिमलाइन म्हणतात. माझ्यासमोर स्लिमलाइन होती, म्हणजे १९५७ ची फ्रेम ही असूच शकत नव्हती.

हेड उतरवलेलेच होते, म्हणून इंजिनही मोजले. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८२; म्हणजे ५९६ सीसीचे ९९ चेच इंजिन, आणि त्याचा क्रमांक कागदांशी जुळत होता. गसेटवरच्या, म्हणजे फ्रेमच्या सांध्याला बळकटी देणाऱ्या पत्र्यावरच्या, रंगाचे थर हळूहळू काढल्यावर दिसलेला फ्रेमचा क्रमांक मात्र वेगळाच निघाला.

काकांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अहो, मी शाळेत होतो तेव्हा बाबांना अपघात झाला होता. गाडी मुंबईला पाठवली होती, आणि आली तेव्हा आई म्हणाली होती, ही बारीक झालेली दिसते." आईच्या त्या वाक्याचा अर्थ त्यांना साठ वर्षांनी लागला होता, आणि त्यांचा आवाज भरून आला होता.

फ्रेम बदलल्याचे अर्जात स्पष्ट लिहायचे, मग नोंदणी मिळो वा न मिळो, असे काकांनी स्वतःच ठरवले. भोके बिघडवलेली सीट परत जाणे शक्य नव्हते, तिचे पैसे मी सोसले. महिन्याभराने अरुंद नाकाची स्लिमलाइन सीट आली. ती नळ्यांवर ठेवली आणि पान्याला हात न लावता दोन्ही बोल्ट बोटांनीच शेवटपर्यंत फिरले.