जुनं चालन काय याच्यावर?

यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझं दुकान आहे. आधी व्हिडिओ लायब्ररी होती, मग लग्नाचं शूटिंग, मग सीडी-डीव्हीडी. आता बहुतेक वेळ लोकांच्या जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देण्यात जातो. काउंटरच्या मागं दोन व्हीसीआर अजून चालू आहेत. ते दिसले की कॉलेजची पोरं थांबतात, आणि प्रश्न येतोच. परवा एका गुरुजींनीही तोच विचारला : "व्हीसीआर गेला, व्हीसीडी आली. ती गेली, डीव्हीडी आली. ब्लू-रे सगळ्यांत भारी म्हणतात, तो तर आपल्याकडं आलाच नाही. लोक ठरवायचे कशावर? पैशावर?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पैसा होताच, पण नवीन मशीन काचेच्या कपाटात लावलं की गिऱ्हाईक किंमत नंतर विचारायचं. पहिला प्रश्न ठरलेला असायचा : "भाऊ, जुनं चालन काय याच्यावर?"

एका कंपनीचा विक्रेता हे ऐकून मला म्हणाला होता, तुमच्या लोकांना नव्याची भीती फार. मला ते तेव्हाही लागलं होतं. भीती कसली? कापसाचा चुकारा वर्षातून एकदा हाती येणार. त्यातून बियाण्याची, खताची, दवाखान्याची उधारी फिटणार, आणि काही उरलं तर घरात वस्तू येणार. असा माणूस मशीन घेताना आपल्याकडं आधी काय आहे हे पाहणारच. त्याचा प्रश्न बरोबर होता. तीस वर्षांत याहून नेमका प्रश्न मला कुठल्या कंपनीच्या माणसानंही विचारला नाही.

जुनं सांभाळून नवं कसं आणावं, याचा सगळ्यांत चांगला नमुना मी पाहिला तो रंगीत टीव्हीचा. १५ ऑगस्ट १९८२ ला दूरदर्शनचं रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, नोव्हेंबरात दिल्लीचे आशियाई खेळ झाले. आमच्या भागात घरोघरी टीव्ही आले ते त्यानंतर, आणि बहुतेक ब्लॅक अँड व्हाइटच. तरी सगळे कार्यक्रम दिसत होते. दूरदर्शननं घेतलेल्या पाल नावाच्या रंगीत प्रक्षेपणाच्या पद्धतीत, सिग्नलमध्ये उजेड-अंधाराची माहिती वेगळी जाते आणि रंगाची माहिती तिच्या पाठीवर बसून येते. रंगीत संच दोन्ही घेतो, साधा संच रंग सोडून देतो अन् चित्र दाखवतो. कुणाचाही जुना टीव्ही एका रात्रीत भंगारात गेला नाही. पुढं ज्याला जमलं त्यानं रंगीत घेतला आणि छपरावरचा तोच अँटेना त्याला जोडला. ही पद्धत बांधणाऱ्या इंजिनिअरांना मी मनापासून मानतो.

व्हीसीआरचं तसं नव्हतं. सोनीची बीटामॅक्स १९७५ ची, जेव्हीसीची व्हीएचएस १९७६ ची. दोन्हीत पट्टी अर्ध्या इंचाचीच, पण एकीची कॅसेट दुसरीच्या मशिनात बसत नव्हती. मी लायब्ररी सुरू केली तोवर त्यांचा निकाल लागलेला होता, त्यामुळं माझ्या फळ्यांवर सगळ्या व्हीएचएसच.

खेड्यात व्हीसीआर विकत घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळ्यांकडं तो भाड्यानं जायचा. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन पिक्चर, एका रात्रीचं भाडं. गणपतीत, पोळ्याला, कुणाच्या बारशाला. बंडीत कडब्याच्या पेंढ्या अंथरून त्यावर गादी, गादीवर टीव्ही, आणि व्हीसीआर माझ्या पोऱ्याच्या मांडीवर. अंगणात पन्नास-साठ माणसं पहाटेपर्यंत बसायची. सकाळी मशीन परत आलं की त्यात धूळ, कधी भाकरीचा तुकडा, आणि हेड चोंदलेलं. हेड म्हणजे पट्टी वाचणारा फिरता भाग, तो सेकंदाला २५ चकरा मारतो. एवढासा कण अडकला तरी पडद्यावर मुंग्या. स्पिरिटात भिजवलेल्या कापडानं ते पुसण्यात माझे कितीतरी रविवार गेले.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की मग त्या घरात 'जुनं' म्हणून काय साठलं? काहीच नाही. पिक्चर सगळे माझ्याकडं. घरात असली तर एकच कॅसेट, लग्नाची. ती ट्रंकेत, शालूच्या घडीत.

म्हणून व्हीसीडी आली तेव्हा जे झालं ते पुस्तकी हिशेबानं व्हायला नको होतं. व्हीसीडी म्हणजे सीडीवर भरलेला पिक्चर, ती पद्धत १९९३ ची. एका सीडीवर ७४ मिनिटं, म्हणजे हिंदी पिक्चरला दोन किंवा तीन सीड्या. चित्र कॅसेटपेक्षा फार सरस नाही, वरून घाईच्या सीनमध्ये चौकोन चौकोन दिसायचे. रेकॉर्डिंगची सोय नाही. आणि कॅसेट तर त्यात जाऊच शकत नाही. तरी दोन-तीन वर्षांत आमच्या तालुक्यात ती घरोघरी गेली. स्वस्त होती, हे आहेच. पण मुख्य म्हणजे जुनं न चालण्याचा जाच ज्याच्याकडं जुन्याचा साठा आहे त्यालाच होतो, आणि आमच्याकडं तो साठा नव्हता. अमेरिकेसारख्या देशांत घराघरांत कपाटभर कॅसेटी होत्या. तिथं डीव्हीडी आल्यावरही लोकांनी व्हीसीआर वर्षानुवर्षं शेजारी ठेवला. एकाच खोक्यात डीव्हीडी आणि व्हीएचएस दोन्ही असलेली मशिनं निघाली. जपानच्या फुनाई कंपनीनं शेवटचे व्हीसीआर बनवले ते २०१६ मध्ये.

आमच्याकडं तो भार दुकानदारावर पडला. माझ्याकडं आठशेवर कॅसेटी होत्या, आणि त्या सहा महिन्यांत कवडीमोल झाल्या. घ्यायला कोण आलं माहीत आहे? ज्वारीवाले. कॅसेटची पट्टी वावरात या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत ताणून बांधली की वाऱ्यानं गुणगुणते, उन्हात चमकते, अन् पाखरं कणसावर बसत नाहीत. त्या वर्षी दारव्हा रोडनं जाताना मला दोन्ही बाजूंना माझीच लायब्ररी दिसायची. मन फार खराब झालं होतं. पाखरं मात्र खरंच बसत नव्हती.

आता डीव्हीडीची गोष्ट. ती जपानात १९९६ ला निघाली, आमच्याकडं प्लेअर यायला बरीच वर्षं गेली. तोवर लग्नं व्हीसीडीवर निघू लागली होती. पहिल्या-पहिल्या वर्षात दिग्रसकडचे एक काका दुकानात आले. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला लग्नाच्या सीडीचा डबा काढला. "हे लावून दाखवा बाप्पा. हे चाललं तं घेतो."

चालते हो, मी म्हणालो. पेटीवर तसं छापलेलं होतं, आणि सकाळीच मी पिक्चरची व्हीसीडी लावून पाहिली होती. काकांची सीडी ठेवली. ट्रे आत गेला, सीडी घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली, आणि निळ्या पडद्यावर आलं : नो डिस्क. मी पुसून लावली. तेच. पिक्चरची सीडी लावून दाखवली, ती चालली. काका म्हणाले, "मले पिक्चर नाही पाह्याचा. माह्या पोरीचं लग्न दिसत नाही तं कायले घेऊ?" टॉवेलात सीडी गुंडाळून ते गेले, आणि मी शब्द देऊन खोटा पडलो.

नागपूरच्या एका मेकॅनिककडून मग मी ते समजून घेतलं. सीडी आणि डीव्हीडी दिसायला जुळ्या. दोन्ही १२ सेंटिमीटर रुंद, दोन्ही १.२ मिलिमीटर जाड. म्हणून तर एकाच ट्रेमध्ये बसतात. पण सीडीची माहिती पार त्या टोकाला, १.२ मिलिमीटर प्लास्टिकच्या पलीकडं असते, आणि डीव्हीडीची मधोमध, ०.६ वर. सीडी वाचायच्या लेसरच्या प्रकाशलहरीची लांबी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीच्या लेसरची ६५०. कंपनीतून छापून येणाऱ्या सीडीत ॲल्युमिनियमचा थर असतो, तो दोन्ही लेसर परत पाठवतो. दुकानात राइट केलेल्या सीडीत मात्र रंगद्रव्याचा थर असतो. तो ७८० ला नीट उत्तर देतो आणि ६५० ला जवळपास मुकाच राहतो. ज्या प्लेअरमध्ये डीव्हीडीचा एकच लेसर, त्याला बाजारातला पिक्चर दिसायचा अन् घरचं लग्न दिसायचं नाही. उपाय एकच, सीडीसाठी दुसरा लेसर.

पेटीवर छापलेलं तसं खोटं नव्हतं. पण आमच्या घरातलं 'जुनं' म्हणजे बाजारातला पिक्चर नव्हे, हे छापणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. या गोष्टीचा मला अजून राग आहे.

पुढच्या दिवाळीत दोन लेसरवाली मशिनं आली. मी काकांना निरोप पाठवला. ते तीच सीडी, त्याच टॉवेलात घेऊन आले. पडद्यावर हळदीचा मांडव आला, आंब्याचे डहाळे, कुणाचा तरी हात कॅमेऱ्यासमोरून गेला. काकांनी दोन मिनिटं पाहिलं अन् म्हणाले, "बस. समजलं. बांधा."

आणि पुढची दोन वर्षं त्यांनी एकही डीव्हीडी घेतली नाही. माझ्याकडून व्हीसीड्याच न्यायचे. आमच्या भागात डीव्हीडी अशीच आली, व्हीसीडीचं मशीन म्हणून. मोसर बेअर कंपनीनं २००७ च्या सुमारास पिक्चर स्वस्तात काढले, व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ ला. फरक सहा रुपयांचा, डीव्हीडीचं चित्र कितीतरी स्वच्छ, आणि सगळा पिक्चर एकाच डिस्कवर. तेव्हा ज्यांच्या घरी प्लेअर आधीच होता ते सहज डीव्हीडीकडं वळले. कुणाला काही पटवावं लागलं नाही.

शूटिंगच्या धंद्यात मला हीच गोष्ट उलट्या बाजूनं कळली. नव्या मशिनावर जुनं चालणं वेगळं आणि नव्या पद्धतीचं जुन्या मशिनावर चालणं वेगळं. एस-व्हीएचएस, म्हणजे व्हीएचएसचीच सुधारलेली पद्धत, १९८७ ला निघाली. तिच्या मशिनावर साधी कॅसेट छान चालायची, पण तिच्यावर रेकॉर्ड केलेली कॅसेट गिऱ्हाइकाच्या साध्या व्हीसीआरमध्ये टाकली की चित्राचा चिखल. म्हणून चांगल्या कॅमेऱ्यावर शूट करायचं आणि साध्या कॅसेटवर उतरवून द्यायचं, अशी आमची रीत होती. डीव्हीडीच्या काळातही तेच. लग्न दोन घरांचं. मुलाकडं डीव्हीडी असली तरी मुलीच्या माहेरी व्हीसीडीच असायची, आणि लग्न पाहायची खरी ओढ तर माहेरी. त्यामुळं डीव्हीडी घराघरांत पोचल्यावरही कितीतरी वर्षं मी प्रत्येक लग्नाच्या तीन-तीन व्हीसीड्या काढत होतो. दोन घरांतलं जे मशीन जुनं, त्यावर ठरायचं.

ब्लू-रेबद्दल गुरुजींनी मुद्दाम विचारलं होतं. त्याचा लेसर ४०५ नॅनोमीटरचा, माहितीचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर, एका थरात २५ जीबी. त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या तोशिबाच्या एचडी डीव्हीडीनं थर डीव्हीडीसारखाच ०.६ वर ठेवला होता, म्हणजे कारखान्यांना जुनी यंत्रं थोड्या फेरफारानं वापरता येणार होती. ती सोय कारखान्याची. घरच्या डीव्हीड्या दोघांच्याही प्लेअरवर चालत होत्या, त्यामुळं त्या भांडणाचा निकाल आमच्या प्रश्नावर लागलाच नाही. मोठे स्टुडिओ ब्लू-रेकडं गेले, २००६ च्या प्लेस्टेशन ३ मधून ते मशीन लाखो घरांत आपोआप पोचलं, आणि फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबानं माघार घेतली.

मग ब्लू-रे आमच्याकडं का चालला नाही? जुनं चालत होतं की. माझ्या दुकानात त्याचं एकच मशीन आलं, ते मीच हौसेनं मागवलेलं. गिऱ्हाइकानं नेहमीचा प्रश्न विचारला, मी हो म्हणालो, डीव्हीडी लावून दाखवली. तो म्हणाला, "हे तं घरच्यासारखंच दिसते." त्याच्या घरी २१ इंची डबा टीव्ही, त्यात चित्राच्या ५७६ ओळींपलीकडं काही दिसणार नाही. मागं लाल-पांढरी-पिवळी पिन, एचडीएमआयचं भोकच नाही. नवं दिसायचं तर टीव्ही नवा, वायर नवी, डिस्क नवी, आणि एवढं करून संध्याकाळी लोडशेडिंग. जुनं चाललं की दार उघडतं एवढंच. आत यायला डोळ्यांना दिसेल असं काहीतरी आणावं लागतं, आणि ते त्या घरच्या टीव्हीवरच दिसावं लागतं. ते मशीन वर्षभर कपाटात राहिलं.

त्याच्या शेजारचा साधा डीव्हीडी प्लेअर मात्र खपत राहिला, कारण त्याला पुढच्या बाजूला पेनड्राइव्हचं एक भोक होतं. सुरुवातीला कुणी त्यात काही लावत नसे. मग कुणाच्या तरी पुतण्यानं पुण्याहून पेनड्राइव्ह आणला. पुढं ते भोक टीव्हीलाच आलं आणि डिस्कची गरज संपली. डीव्हीडीच्या अंगावर बसून पेनड्राइव्ह घरात शिरला, जशी डीव्हीडी व्हीसीडीच्या अंगावर बसून शिरली होती.

कॅसेटला मात्र असं पुढं नेणारं कुणी भेटलं नाही. तिच्यानंतर आमच्याकडं घरोघरी आलेल्या एकाही मशिनावर ती चालली नाही. घरात एकच होती म्हणून तेव्हा कुणाला जाणवलं नाही, आणि एकच होती म्हणूनच आता लोक ती छातीशी धरून आणतात. माझे दोन्ही व्हीसीआर मी तिसऱ्या-चौथ्याचे बेल्ट आणि रोलर काढून चालवतो आहे.

तुमच्याकडं असेल तर मृगाआधी घेऊन या. आमच्याकडच्या पावसात पट्टीवर पांढरी बुरशी धरते, आणि ओली पट्टी हेडला चिकटून तुटते. घरी कुठल्या मशिनात टाकून पाहू नका, पुढं-मागं फिरवू नका. टरफलाला खाली पाच स्क्रू असतात, ते मी उघडीन, पट्टी कोरडी करून नव्या टरफलात चढवीन, मग लावीन. एक पेनड्राइव्ह देईन आणि एक डीव्हीडीही देईन, कारण माहेरी अजून काय आहे ते मी विचारतोच. तुमची कॅसेटही परत मिळेल.