किती ब्रास दगड काढणार?

पाड्यामागच्या खडकाच्या भिंतीवर दोराने चढाई सुरू करण्यासाठी आम्ही जो अर्ज दिला, त्यावर आवक क्रमांकाचा शिक्का पडला तो 14 जून 2022 रोजी, आणि त्या कामाची परवानगी हातात पडली ती 20 फेब्रुवारी 2023 रोजी. मधल्या आठ महिन्यांत मी त्या कार्यालयात 13 हेलपाटे घातले. कार्यालय कोणते ते येथे लिहीत नाही, कारण तेथील माणसे वाईट नव्हती आणि घोळाची सुरुवात माझ्याच हातून झाली होती; पण आजही तो जिना आठवला की डोके तापते, हे लपवण्यात अर्थ नाही.

धुळे-नंदुरबार भागातून जाताना रानातून पूर्व-पश्चिम धावणाऱ्या काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती दिसतात. सुरतेच्या महामार्गाने कोंडाईबारीचा घाट उतरणाऱ्या बहुतेकांना ते साधे डोंगर वाटतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हाचे थर साचत होते, त्या काळात जमिनीला पडलेल्या भेगांमध्ये शिलारस घुसून थिजला आणि त्याच्या या भिंती झाल्या; भूगर्भशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. भोवतालचा खडक झिजत गेला आणि हा कठीण दगड उभा राहिला. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्यांनी प्रस्तरारोहण केले आहे त्यांना ठाऊक असते की तेथील अर्धी शक्ती हात लावताच निघणारे दगड ओळखण्यात जाते. डाइकचा दगड घट्ट असतो, आणि शिलारस थिजताना त्यात तयार झालेले स्तंभ उभे नसून आडवे, सरपण रचून ठेवावे तसे असल्याने पकडी नेमक्या आणि कडेदार मिळतात. मुंबई-पुण्याचे आरोहक मात्र वर्षानुवर्षे लोणावळा, नाणेघाट आणि हरिश्चंद्रगडाच्या पलीकडे सहसा येत नाहीत, आणि आमच्याकडची पोरे आपल्याच भिंतीच्या सावलीत गुरे राखून मोठी होतात.

आमच्या पाड्यामागची भिंत 18 मीटर उंच आहे. तिच्यावर चढाईच्या सहा वाटा बसवायच्या, पाड्यातील मुलामुलींना दोर सांभाळण्यापासून अडकलेल्याच्या सुटकेपर्यंतचे शिक्षण द्यायचे, पाहुण्यांची जेवणाची आणि मुक्कामाची सोय घरोघरी पाळीपाळीने करायची, आणि येणाऱ्या पैशाचा ठरलेला वाटा ग्रामसभा कोषात टाकायचा, अशी योजना होती. ग्रामसभेत ती एका बैठकीत मंजूर झाली. मुलांना शिकवणेही जड गेले नाही; मी आणि माझा एक मित्र उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून शिकून आलेलो आहोत आणि मुले आमच्यापेक्षा चपळ होती. या दोन्ही गोष्टींविषयी सांगण्यासारखे फारसे नाही.

अर्जात मी लिहिले होते, "खडकात छिद्रे पाडून लोखंडी खिळे ठोकण्यास परवानगी मिळावी." चढणाऱ्याचा दोर अडकवण्यासाठी खडकात जो पक्का बसवतात तो बोल्ट; हा शब्द साहेबांना कळणार नाही, म्हणून मी आपला शहाणपणाने सोपा शब्द वापरला. वनजमीन, त्यात खडक, त्यात छिद्रे. राखीव वनातून दगड काढण्यास भारतीय वन अधिनियम, 1927 प्रमाणे बंदी आहे, त्यामुळे अर्ज वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे सुरुंगाची भोके आली असतील तर त्याला दोष देता येत नाही. अर्ज फिरत फिरत गौण खनिजाच्या, म्हणजे दगड-मुरूम-वाळूच्या उत्खननाच्या, टेबलावर गेला. तिसऱ्या हेलपाट्यात तेथील भाऊसाहेबांनी नस्ती उघडली, चष्मा वर केला आणि शांतपणे विचारले, "किती ब्रास दगड काढणार?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. दगड काढायचा नाही, उलट एकही दगड निघू नये म्हणूनच हा सगळा खटाटोप आहे, असे मी परोपरीने सांगितले. त्यांचे म्हणणे असे की छिद्र पाडले म्हणजे काहीतरी निघणारच, आणि जे निघते त्याचे परिमाण तक्त्यात भरावे लागते. तो रकाना रिकामा ठेवून नस्ती पुढे जात नाही. शून्य लिहा म्हटले, तर शून्य ब्रासला परवानगी कशाची द्यायची, हा त्यांचा पुढचा प्रश्न तयार होता.

यावर कडी झाली ती आदिवासी भागांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याने. अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा द्यायचा असेल तर आधी ग्रामसभेची शिफारस लागते. 1996 च्या या कायद्यातील ही तरतूद आमच्यासारख्या गावांचे डोंगर वाचावेत म्हणूनच आहे आणि मी तिचा नेहमीच कैवार घेत आलो आहे. आता तिच्याच आधारे आमच्याकडे "उत्खननास शिफारस करणारा" ठराव मागण्यात आला, आणि आम्ही जोडलेल्या ठरावात तर स्पष्ट लिहिले होते की या भिंतीवर कोणत्याही प्रकारचे उत्खनन होऊ देणार नाही. म्हणजे चढाईसाठी परवानगी हवी असेल तर ग्रामसभेने आधी खाणीला होकार द्यायचा. पाड्यातील आबांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "एकदा तसा कागद दिला, तर उद्या दुसराच कोणी तो घेऊन मशीन आणील." तो ठराव आम्ही दिला नाही. आठ महिन्यांतला हा एक निर्णय आमच्या हातून पूर्णपणे बरोबर झाला आणि त्याचे श्रेय माझे नाही.

त्यानंतर ऑगस्ट ते ऑक्टोबर नस्ती "मार्गदर्शनार्थ वरिष्ठांकडे" होती. मला या तीन महिन्यांचा राग अधिक आहे, आणि त्याचे कारण कार्यालयात कोणालाच ठाऊक नव्हते. आमच्या भागातील जोडपी दिवाळीनंतर ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. मुकादम त्याआधीच घरी येऊन उचल देतो, आणि एकदा उचल घेतली की माणूस हंगाम संपेपर्यंत बांधला गेला. चढाईचा चांगला हंगामही नेमका नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आम्ही शिकवलेल्या 11 जणांपैकी चौघांनी दसऱ्यापर्यंत वाट पाहिली, मला दोनदा विचारले, आणि मग उचल घेतली. मी त्यांना थांबा म्हणू शकलो नाही, कारण थांबून काय मिळेल हे मलाच सांगता येत नव्हते. त्यातील एक मुलगी बिले देण्यात, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळण्यात, आमच्या सगळ्यांत सावध होती. तिचे हेल्मेट माझ्या घरी खुंटीला टांगलेले होते.

कोणी असे काम काढणार असेल तर अर्ज उन्हाळ्यात, मार्च-एप्रिलमध्येच द्यावा. दुय्यम प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये; माझ्याकडे ती होती म्हणूनच सातव्या हेलपाट्यात "असा अर्जच आलेला नाही" हे वाक्य अर्ध्यावर थांबले.

गुंता सुटला तो डिसेंबरात, आणि मला अजूनही त्या युक्तीचा थोडा गर्व आहे. एका रविवारी आम्ही माझ्या खळ्यातल्या सुट्या डाइकच्या दगडात बॅटरीवरच्या ड्रिलने बोल्टच्या मापाचे एक छिद्र पाडले: 12 मिलिमीटर व्यास आणि 100 मिलिमीटर खोली. निघालेली करडी पूड कागदावर गोळा केली. ती दोन चहाच्या चमच्यांहून थोडी अधिक भरली. मग हिशेब मांडला. एका छिद्रातून सुमारे 11.3 घनसेंटिमीटर दगड निघतो. प्रत्येक वाटेवर सहा बोल्ट आणि माथ्यावर अँकरचे, म्हणजे दोर बांधण्याच्या पक्क्या आधाराचे, दोन, अशा सहा वाटांचे 48 बोल्ट, म्हणजे एकूण 543 घनसेंटिमीटर. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, अर्थात 28 लाख घनसेंटिमीटरांहून अधिक. आमचे उत्खनन 0.0002 ब्रास भरले.

हा हिशेब एका पानावर टंकलिखित केला, सोबत स्टेनलेस स्टीलचा एक बोल्ट, छिद्र पाडलेला दगड आणि त्यातून निघालेली पूड औषधाच्या बाटलीत भरून घेतली, आणि थेट मोठ्या साहेबांच्या भेटीच्या दिवशी रांगेत बसलो. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली हा खेळ खेळला गेला, याचे वर्तमानपत्रातील कात्रणही नेले होते, परंतु त्याकडे कोणी पाहिले नाही. साहेबांनी बाटली उचलली, उजेडाकडे धरून हलवली आणि विचारले, "एवढंच निघतं?" मी होय म्हणालो. त्यांनी भाऊसाहेबांना बोलावून बाटली त्यांच्या हातात दिली. भाऊसाहेबांनीही ती हलवून पाहिली आणि मला विचारले, "मग आधी खिळे कशाला लिहिलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

नवा अर्ज "आरोहकांच्या सुरक्षेसाठी अँकर बसवणे" या शब्दांत दिला आणि तो गौण खनिजाच्या टेबलावर गेलाच नाही. वनरक्षक स्थळपाहणीला आले, भिंतीच्या पश्चिम टोकाला आग्या मोहोळ आहे ते त्यांनीच दाखवले, आणि तेथून 30 मीटरपर्यंत वाट नको, अशी अट घातली. ती अट आम्हाला मोलाची वाटते. मधमाश्या उठल्यावर दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही. त्यामुळे एक वाट कमी झाली आणि बोल्ट 40 राहिले.

शासनाचे साहसी पर्यटनाचे धोरण ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर झाले, त्यानुसार पर्यटन विभागाकडे करावयाची नोंदणी वेगळी असते. प्रशिक्षकांची प्रमाणपत्रे आणि प्रथमोपचाराची तयारी यांचे कागद आम्ही आधीच जमवले होते, त्यामुळे तेथे अडलो नाही. परवानगी आली तेव्हा ऊन चढू लागले होते आणि त्या हंगामात काहीच करता आले नाही. बोल्ट मार्चमध्ये पहाटेच्या गारव्यात बसवले आणि पहिले पाहुणे नोव्हेंबर 2023 मध्ये आले.

त्या वर्षी मुकादम आला तेव्हा आम्ही पहिल्या तीन शनिवार-रविवारांची आगाऊ रक्कम पाहुण्यांकडून घेऊन मुलांच्या हातात ठेवली होती. चौघांपैकी तिघे थांबले. हेल्मेट खुंटीवरून निघाले. चौथा गेला, कारण त्याच्या घरच्यांनी आदल्या वर्षीची उचल पुरती फेडलेली नव्हती.

एक सांगायचे राहिले. परवानगीपत्रात शेवटची अट अशी आहे की निघालेला दगडाचा चुरा वनक्षेत्राबाहेर नेऊ नये. 40 छिद्रांचा तो चुरा आम्ही एका डब्यात भरून भिंतीच्या पायथ्याशी पुरला, त्याचे छायाचित्र काढले आणि पोच घेऊन कार्यालयात दाखल केले.