प्लायवूडच्या गाडीने कोरलेला बोगदा

झाडांच्या हिरव्या कमानीतून गेलेल्या रेल्वेरुळांचा तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे येऊन गेला असेल. 'प्रेमाचा बोगदा'! ती जागा पश्चिम युक्रेनमधल्या क्लेवान गावाजवळ आहे, रिव्ने शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. युक्रेनमध्येच टर्नोपिल शहरात मेडिकलला होते तेव्हा एका सुट्टीत आम्ही मैत्रिणी तिकडे गेलो होतो. तेव्हापासून तो फोटो दिसला, की त्या रुळांवरून काय जातं हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

क्लेवानची लोकसंख्या जेमतेम सात-साडेसात हजार. चार्तोरिस्की सरदार घराण्याचा 15व्या शतकातला पडका किल्ला, स्तुबला नदी, भाजीचे वाफे असलेली बैठी घरं. सोव्हिएत काळापासून चालत आलेला 'शहरी' वस्तीचा दर्जा 2024 मध्ये युक्रेनने रद्द केला, त्यामुळे सरकारदरबारी ती आता ग्रामीण वस्तीच. पण दळणवळण बघा! राजधानी कीव ते ब्रेस्त (आता बेलारूसमध्ये) ही रेल्वे 1873 पासून इथूनच जाते. एकीकडे झ्दोल्बुनिव जंक्शन, तिथून कीवला जा नाहीतर ल्विवला. दुसरीकडे कोवेल, आणि कोवेलपुढे पोलंडची सीमा. रिव्ने-लुत्स्क हमरस्ताही इथूनच जातो, त्यामुळे मारश्रुत्का, म्हणजे तिकडच्या वडाप मिनीबस, मिळतात.

क्लेवानहून रुळांचा एक फाटा शेजारच्या ओर्झिव गावाकडे वळतो. तिथे प्लायवूडचा मोठा कारखाना आहे. आसपासचा सगळा मुलूख जंगलांचा, त्यात बर्चची झाडं भरपूर. ओंडके आधी गरम पाण्यात मुरवतात, मग यंत्रावर गरगर फिरवून त्यांचा पातळ, सलग पापुद्रा सोलतात. पापुद्रे वाळवून, एकाचे रेषे उभे तर दुसऱ्याचे आडवे असे डिंकाने चिकटवून, तापत्या दाबयंत्रात घातले की तक्ता तयार. 2015 मध्ये युक्रेनने कच्चे ओंडके परदेशी पाठवण्यावर दहा वर्षांची बंदी घातली. मला तो निर्णय मनापासून पटतो. लाकूड गावातच कापलं, सोललं, तर मजुरीही गावातच राहते.

बोगदा झाला तो या कारखान्याच्या मालगाडीमुळे. रुळांच्या दोन्ही बाजूंची झाडं उजेडासाठी मधल्या मोकळ्या जागेत वाकतात आणि गाडी आपल्या मापाबाहेरची फांदी मोडत जाते. आम्ही आत असतानाच डिझेल इंजिन धडधडत आलं. पळत झाडांत घुसलो, डासांनी फोडून काढलं. ओडोमॉस न्यायला हवं होतं.

एक मैत्रीण म्हणाली, "ही गाडी बंद केली तर निवांत फिरता येईल गं." मला ते अजिबात पटलं नाही. गाडी बंद झाली तर थोड्याच वर्षांत फांद्या एकमेकींत गुंतून वाट बुजेल. फोटोवाले दुसरी जागा शोधतील, ओर्झिवच्या कामगारांनी दुसरा कारखाना कुठे शोधायचा?