पलीकडच्या काठावरचे माहेर

लंडनच्या पश्चिमेला थेम्सच्या काठावर कुकम नावाचे गाव आहे. चित्रकार स्टॅन्ली स्पेन्सर याच गावचा. तिथल्या चर्चच्या आवारातील कबरी उघडून माणसे उठत आहेत, असे एक भलेमोठे चित्र त्याने १९२४ ते १९२७ या काळात रंगवले. शेजारच्या गावी राहायला आल्यापासून मला जो नाद लागला आहे तोही त्याच जातीचा, फक्त रंगांच्या जागी नोंदवह्या आहेत. ज्यांच्याशी आपले ना नाते ना गोते, त्यांच्या खापरपणज्या शोधत का बसावे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर माझ्या घरच्यांना अजून मिळालेले नाही.

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत घराणे सापडले की पिढ्यांची रांग लागते, मग माणसे कुठेही पांगलेली असोत. इंग्लंडमधील चर्चची वही घराण्याची नसते, गावाची असते. आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतील गावाला, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवायला लावली खरी, पण हद्द ओलांडली की माणूस त्या वहीतून नाहीसा होतो. कुकमला ही हद्द म्हणजे नदीच. अलीकडचा काठ बर्कशायर काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) आणि पलीकडचा बकिंगहॅमशायरचा, त्यामुळे इकडची जुनी दप्तरे रेडिंगला, तर तिकडची एल्सबरीला. आजचा लोखंडी पूल १८६७ चा, त्याआधीचा लाकडी पूल १८४० चा; पण पूल नव्हता तेव्हाही नावा होत्याच, आणि नावेतून माणसे कामाला जात तशा सोयरिकीही जात.

दप्तराला मात्र हे जवळपण कळत नाही. १८४१ च्या जनगणनेचे पान पाहावे. पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायची असा दंडक होता, म्हणजे एकोणचाळीस वर्षांची बाई पस्तिशीची व्हायची. यात कुणाची तक्रार असण्याचे कारण नाही. पण जन्मस्थानाच्या रकान्यात एवढेच विचारलेले होते, की याच काउंटीत जन्म झाला का? जिच्या माहेरच्या चुलीचा धूर सासरच्या दारातून दिसत असेल तिच्या नावापुढे ‘नाही’, आणि थेट यॉर्कशायरहून पोटासाठी आलेल्या गड्यापुढेही तेच ‘नाही’. १८५१ मध्ये जन्मगाव लिहू लागले, तोवर जी वारली तिचे माहेर त्या एका शब्दात अडकून पडले.

अशा वेळी माझा भरवसा एका दुर्लक्षित वहीवर आहे. लग्नाआधी सलग नसले तरी तीन रविवारी चर्चमध्ये त्याची जाहीर सूचना द्यायची, आणि वधूवर दोन पॅरिशचे असतील तर ती दोन्हीकडे वाचायची, ही रीत १७५४ पासून लागू झालेल्या विवाह कायद्याने पक्की केली व या सूचनांचीही नोंद सक्तीची केली. लग्न बहुधा मुलीच्या गावी लागे, म्हणून कुकमच्या विवाहवहीत जोडपे न सापडणे अगदी साहजिक आहे. नवऱ्याच्या गावी वाचलेली सूचना मात्र, ती वही टिकली असेल तर, दोघांची नावे आणि तिचे पॅरिश सांगून मोकळी होते. तेवढे हाती लागले की रेडिंगचे दप्तर मिटावे आणि एल्सबरीची वाट धरावी.