मून जमला! (आणि दोष प्रमाणाचा नव्हता)

शेवटी मून जमला, म्हणजे थाई आंबा-भातातला नारळाच्या गोड दुधात मुरवलेला चिकट भात. पातेलं तिरकं करून पाहिलं, तळाला दुधाचं थारोळं नाही. शितं टपोरी, एकमेकांना धरलेली पण गिच्च नाहीत, वर छान तुकतुकी. मागच्या वेळी मून फसला तेव्हा ‘प्रमाण बदल’ म्हणून मागे लागलेल्यांसाठी: प्रमाण तेच आहे. अर्धा किलो चिकट तांदूळ, ३७५ मिली नारळाचं घट्ट दूध, पाव किलो साखर, दीड चमचा मीठ.

घोळ तांदळाच्या वयाचा होता. सुपरमार्केटच्या पाकिटावर जात लिहितात, वय लिहीत नाहीत. नव्या पिकात ओल जास्त, त्यामुळे तो वाफेवरच मऊ पडतो आणि दूध घालून हलवला की चिखल. म्हणून जरा आधी उतरवावा तर कणी राहते, आणि एकदा गोड दूध पडलं की ती कणी काही केल्या जात नाही. नारळी भातात अर्धकच्च्या भातावर गूळ पडला की काय होतं ते आठवा. साखर पाणी स्वतःकडे ओढते, स्टार्चला फुगायला मिळतच नाही. या दोन टोकांमध्ये मी कितीतरी तांदूळ वाया घालवला.

सुटका झाली ती इथे बँकॉकच्या ओर तोर कोर बाजारात. तांदूळवाल्या मावशींनी एवढंच विचारलं, मून करायचाय का? आणि पुढचं पोतं सोडून मागच्यातला काढून दिला: उत्तर थायलंडमधल्या चियांग रायचा जुना ख्याओ-ङू जातीचा चिकट तांदूळ. दाणा लांब, बारीक, टोकदार, आणि कच्चा असताना खडूसारखा पांढराफटक. उजेडात धरला तरी आरपार काही दिसत नाही. दाण्यांत अधूनमधून पारदर्शक दिसले तर साध्या तांदळाची भेसळ समजा, ते शेवटपर्यंत दूध पीत नाहीत.

मावशींची दुसरी सूचना तुरटीची. तुरटीच्या पाण्यात तांदूळ हलक्या हाताने चोळायचा, नितळ पाणी येईपर्यंत धुवायचा, मग रात्रभर भिजत. दाण्यावरची पिठी जाते, तुकतुकी येते ती त्यानेच. वाफवायला हुआतच घ्या, म्हणजे बांबूची शंकूसारखी टोपली. माझ्या मोदकपात्रात वाफ कडेने पळते आणि मधला भात मागे राहतो. हुआत त्यापेक्षा स्वस्त आणि शंभर पटींनी बरा.

दूध साखर-मीठ विरघळेपर्यंतच तापवायचं, खळखळ उकळलं की तेल सुटतं. खोक्यातलं दूध फुटत नाही हे खरं, पण वासही येत नाही. बाजारात समोर पिळून देतात तेच घ्या. भात वाफेवरून थेट दुधात. आधी खिरीसारखं पातळ दिसतं, घाबरू नका. झाकण ठेवा, पंधरा मिनिटांनी एकदाच खालीवर करा. अर्ध्या तासात सगळं जिरतं. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, दगड होतो.

आता, एवढा खटाटोप या एका गोडासाठी का? इथलेच थोंग योत, फोय थोंग हे गोड पदार्थ घ्या: पोर्तुगीज वळणाचे, अंड्याचा बलक आणि पाक. दोन खाल्ले की पुरे. आपला आमरस म्हणजे गोडावर गोड (हापूसवाल्यांनी रागावू नये, मीही त्यातलाच). मामुआंगच्या, म्हणजे आंबा आणि मूनच्या, ताटलीत शेवटी जे खारट घट्ट दूध ओततात ना, सगळी गंमत त्यात आहे. नाम डोक माई आंबा गोड, भात गोड, आणि मध्येच मीठ. वर भाजलेली मूगडाळ कुरकुरते. म्हणून हात थांबत नाही. २०२२ मध्ये मिली या थाई रॅपरने अमेरिकेतल्या कोचेला संगीत महोत्सवाच्या स्टेजवर हे खाल्लं आणि जगभर गाजलं, ते उगीच नाही. गोकर्णाच्या फुलांचा निळा भात फोटोला ठीक, चवीला काही देत नाही.

पुढचा बेत काळ्या चिकट तांदळाचा होता. पण हे लिहिता लिहिता डोक्यात आलं: ते खारट दूध नारळी भातावर ओतलं तर? गूळ, लवंग आणि वर मीठ! काळा तांदूळ थांबेल. ओक रोंग आंबा बाजारात आहे तोवर त्याच्याबरोबर एकदा मून करून घेतो, मग हाच प्रयोग. पुण्याहून बँकॉकला कुणी येणार असेल तर किलोभर जुना आंबेमोहर आणाल का?